आयर्न मेडनचा उत्तरार्ध

आयर्न मेडन हा हेवी मेटल बँड बासवादक स्टीव्ह हॅरिस याने १९७५ साली, ऐन नाताळच्या दिवशी, पूर्व लंडनमधल्या लेटन भागात उभा केला. १९८० ते २०२१ या काळात त्याचे सतरा स्टुडिओ अल्बम निघाले. त्यांतले पहिले सात १९८८ पर्यंतचे आहेत आणि मेटलच्या चाहत्यांना ते तोंडपाठ असतात. शेवटचे सहा २००० पासूनचे, आणि वाद आहे तो यांच्याबद्दल. काहींच्या मते हे सहा जुन्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत. इतर काहींच्या मते बँड वयाबरोबर पिकत गेला, आणि जुन्या गाण्यांचे कौतुक म्हणजे निव्वळ तरुणपणाच्या आठवणींचे कौतुक. दोन्ही मते छातीठोकपणे मांडली जातात. अल्बम शेजारी ठेवून ऐकले, की दोन्ही अपुरी वाटू लागतात.

आधी पूर्वार्ध. पहिला अल्बम एप्रिल १९८० मध्ये आला, तोवर त्यातली बरीच गाणी लंडनच्या पबांमध्ये वाजवून वाजवून घोटलेली होती. स्ट्रॅटफर्डचे ‘कार्ट अँड हॉर्सेस’, ईस्ट हॅमचे ‘रस्किन आर्म्स’ अशा जागी चार-साडेचार वर्षे हा रियाज चालला. गिऱ्हाइकाचे लक्ष बिअरच्या ग्लासावरून उठवायचे, तर गाण्याला पहिल्या वीस सेकंदांत पकड घ्यावी लागते; ती शिकवण या गाण्यांत मुरलेली आहे. १९८१ चा ‘किलर्स’ हाही बराचसा याच साठ्यावर निघाला. पॉल डिॲनोचा खरखरीत, रस्त्यावरचा वाटावा असा आवाज या दोन्ही अल्बमांना शोभून दिसतो.

कोणत्याही बँडच्या पहिल्या कामाबद्दल एक ठरीव खुलासा दिला जातो. पहिली गाणी रचायला सगळे पूर्वायुष्य मिळते, पुढची मात्र वर्षा-दीड वर्षात उरकावी लागतात, म्हणून पुढचे काम फिके पडते. मेडनच्या बाबतीत हा खुलासा तिसऱ्याच अल्बमाशी कोलमडतो. ‘किलर्स’नंतर जुना साठा संपला होता, गायक बदलला होता, वेळ थोडा होता. ‘सॅमसन’ या बँडमधून आलेला ब्रूस डिकिन्सन जेमतेम तेवीस वर्षांचा. आणि नेमका मार्च १९८२ चा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ ब्रिटनच्या यादीत पहिला आला, आजही बँडची ओळख म्हणून तोच पुढे केला जातो. म्हणजे घाई या मंडळींना मानवली होती.

घाईइतकीच मानवली ती जागेची टंचाई. एलपी तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत नीट बसते. फार भरले तर चरे बारीक होतात आणि आवाजातला जोर जातो. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’मध्ये आठ गाणी आहेत, सगळी मिळून सुमारे चाळीस मिनिटांची. १९८४ चा ‘पॉवरस्लेव्ह’ही आठ गाण्यांचाच, फक्त पन्नास मिनिटांच्या आसपास गेलेला. शिवाय ‘किलर्स’पासून १९९२ पर्यंत निर्मात्याच्या खुर्चीत मार्टिन बर्च होता. डीप पर्पल आणि ब्लॅक सॅबथबरोबर काम केलेला, वादकांपेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठा माणूस. हॅरिस हट्टी म्हणून प्रसिद्ध आहे. अशा हट्टी माणसासमोर तितक्याच तोलाचा दुसरा कोणी बसलेला असणे, हे या पूर्वार्धाचे फारसे न बोलले गेलेले भांडवल आहे.

या काळाचा मासला म्हणून ‘हॅलोड बी दाय नेम’ घ्यावे. लांबी सात मिनिटांच्या किंचित वर. फाशीच्या कोठडीत शेवटच्या घटका मोजणारा कैदी हा विषय. सुरुवातीला घंटेचे टोल, दोन गिटारींची संथ सुरावट, वर डिकिन्सनचा दबलेला आवाज. मिनिटभरानंतर तो एक स्वर धरतो, लांबवतो, आणि तो सुटायच्या आत सगळा बँड पूर्ण वेगाने आत शिरलेला असतो. पुढे कडवी आहेत, पण ठरावीक जागी परत येणारे ध्रुवपद नाहीच. कैदी कोठडीतून फाशीकडे चालत जातो तसे गाणेही पुढेच जाते. मग लय बदलते, डेव्ह मरी आणि एड्रियन स्मिथ यांचे सोलो एकामागून एक येतात आणि शेवटी आवाज परततो. एकही हिस्सा दोनदा निष्कारण येत नाही. सात मिनिटे सरली हे घड्याळ पाहिल्याशिवाय कळत नाही.

१९८२ च्या अखेरीस निको मॅकब्रेन ड्रम्सवर आला आणि बँडची ती प्रसिद्ध दौड पक्की झाली. एक लांब ठोका, त्यामागे दोन आखूड, अशी चाल हॅरिस बासवर पिकशिवाय, दोन बोटांनी वाजवतो. ‘पॉवरस्लेव्ह’च्या अखेरीस कोलरिजच्या म्हाताऱ्या दर्यावर्दीच्या कवितेवर बेतलेली तेरा मिनिटांहून लांब रचना आहे. लांबीची आवड ही काही म्हातारपणी जडलेली खोड नव्हे, हे तिच्यावरून ध्यानात येते. मात्र तेव्हा अशी रचना अल्बममागे एखादीच असे. १९८६ च्या ‘समव्हेअर इन टाइम’मध्ये गिटार सिंथेसायझर आले, १९८८ च्या ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’मध्ये कीबोर्ड आणि सलग कथासूत्र. पूर्वार्ध इथे संपतो.

घसरण आहे ती मधल्या दशकात, आणि उत्तरार्धावर टीका करताना बहुतेकांना याचा विसर पडतो. १९९० मध्ये स्मिथ बाहेर पडला, यानिक गर्स आला. त्या वर्षीच्या ‘नो प्रेयर फॉर द डाइंग’मध्ये मुद्दाम साधेपणा आणला गेला, पण तो घाईत केल्यासारखा वाटतो. १९९२ च्या ‘फिअर ऑफ द डार्क’मधले शीर्षकगीत अजर ठरले, उरलेल्या अकरा गाण्यांतली बरीचशी कोणाला आठवतही नाहीत. बारा गाणी आणि तासाभराचा वेळ सीडीमुळे शक्य झाला होता. भरायला जागा मिळाली आणि ती भरली गेली. १९९३ मध्ये डिकिन्सनही गेला. त्याच्या जागी आलेल्या ब्लेझ बेलीचा गळा खालच्या पट्टीतला, आणि हॅरिसच्या चाली मात्र वरच्या पट्टीतच राहिल्या. १९९५ चा ‘द एक्स फॅक्टर’ काळवंडलेला, जड, तरी प्रामाणिक अल्बम आहे. १९९८ चा ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ तेवढाही नाही. त्यातल्या ‘द एंजल अँड द गॅम्बलर’मध्ये एकच ध्रुवपद इतक्या वेळा घोळवले आहे, की शेवटी ऐकणारा मोजणे सोडून देतो. या दोन अल्बमांतली ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ ही गाणी टिकली, ती पुढे डिकिन्सनने मंचावर म्हटल्यामुळे.

१९९९ मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही परतले. गर्सला कोणी जा म्हटले नाही, त्यामुळे गिटारवादक तीन झाले. २००० चा ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ पॅरिसमध्ये, केव्हिन शर्ली या निर्मात्याबरोबर ध्वनिमुद्रित झाला. सगळ्यांनी एका खोलीत एकत्र वाजवायचे आणि तेच मुद्रित करायचे, ही पद्धत इथून रुजली. तिच्यामुळे आवाजात जिवंतपणा आला. गिटारींची गर्दीही झाली. तिघांचे वेगळेपण बर्चच्या काळातल्या दोघांइतके स्पष्ट ऐकू येत नाही, ही तक्रार रास्त आहे. अल्बम मात्र दमदार. त्यातले ‘ब्लड ब्रदर्स’ हॅरिसने वडिलांच्या निधनानंतर रचले, आणि पुढच्या अनेक दौऱ्यांत ते जुन्या गाण्यांच्या पंक्तीला बसले.

२००३ च्या ‘डान्स ऑफ डेथ’चे मुखपृष्ठ अर्धवट सोडलेल्या संगणकी चित्रासारखे दिसते आणि त्यावर भरपूर विनोद झाले. आतला सगळा मालही एकजिनसी नाही. पण स्मिथने उभारलेले ‘पाशेनडेल’ हे १९१७ च्या लढाईवरचे साडेआठ मिनिटांचे गाणे उत्तरार्धाच्या बाजूने सांगायचा पहिला पुरावा ठरावे. झांजेवर बारीक, तारयंत्रासारखी टकटक, मग स्फोट, पुन्हा टकटक. शांत भाग आणि गोंगाट यांची ये-जा इथे खंदकातल्या युद्धाच्या चालीने होते. बँडने वीस वर्षांपूर्वी ‘द ट्रूपर’मध्ये घोडदळाचा हल्ला चार मिनिटांत उभा केला होता. त्यात थरार होता, हौतात्म्याची झिंगही होती. ‘पाशेनडेल’मध्ये झिंग अजिबात नाही. तेविसाव्या वर्षी हे गाणे या मंडळींना सुचले नसते.

२००६ चा ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ याच वाटेने आणखी पुढे जातो. युद्ध, धर्म आणि अणुबाँब हे त्याचे विषय. ध्वनिमुद्रणावर शेवटचा मास्टरिंगचा हात बँडने मुद्दाम फिरवला नाही, त्यामुळे आवाज कोरडा आणि जवळचा राहिला. बहात्तर मिनिटांत एकही गाणे उडी मारून पुढे जावे असे नाही, आणि हे पूर्वार्धातल्या ‘पीस ऑफ माइंड’बद्दलही छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. बँडचा स्वतःवर इतका विश्वास बसला, की त्या वर्षीच्या दौऱ्यात अख्खा अल्बम क्रमाने वाजवला गेला. जुनी गाणी ऐकायला आलेल्यांपैकी अनेकांनी कुरकुर केली.

त्या कुरकुरीला उत्तर मिळाले ते मुंबईत. बँड पहिल्यांदा भारतात आला मार्च २००७ मध्ये, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. त्यानंतर १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ हा जगदौरा सुरू झाला. एका बोइंग ७५७ विमानात वादक, कामगार आणि बारा टन सामान, आणि ते चालवायला खुद्द डिकिन्सन, कारण तो परवानाधारक वैमानिक होता. कार्यक्रम जवळजवळ सगळा ऐंशीच्या दशकातला, अपवाद ‘फिअर ऑफ द डार्क’चा. कोलरिजवरची ती लांब रचनाही कित्येक वर्षांनी पुन्हा मंचावर आली. ताज्या अल्बममधले एकही गाणे नव्हते. सव्वा वर्षापूर्वी जो बँड फक्त नवे ऐका म्हणत होता, तोच आता फक्त जुने वाजवत होता. यामागे तिकीटविक्रीचा हिशेब होताच. पण इथल्या श्रोत्यांना ही गाणी त्यांच्या भर काळात कधी समोर ऐकायला मिळाली नव्हती, हेही तितकेच खरे.

यानंतरचे तीन अल्बम म्हणजे २०१० चा ‘द फायनल फ्रंटियर’, २०१५ चा ‘द बुक ऑफ सोल्स’ आणि २०२१ चा ‘सेनजुत्सु’. त्यांची लांबी अनुक्रमे सुमारे शहात्तर, ब्याण्णव आणि ब्याऐंशी मिनिटे. इथे टीकाकारांचा मुद्दा खरा आहे. हॅरिसच्या लांब गाण्यांचा साचा ठरून गेला: हळुवार बासची प्रस्तावना, मग दौड, मग ध्रुवपद चार-पाचदा, तीन सोलो, आणि शेवटी पुन्हा तीच हळुवार बास. ‘सेनजुत्सु’ची शेवटची तिन्ही गाणी हॅरिसची, तिन्ही दहा मिनिटांवरची. त्यांतले ‘हेल ऑन अर्थ’ सुंदर आहे, पण गाणे सुरू व्हायच्या आधी दोनेक मिनिटे प्रस्तावना चालते. ‘हॅलोड’मध्ये हेच काम एका मिनिटात होऊन गोष्टही पुढे सरकलेली होती. शर्ली वाजते ते उत्तम टिपतो. मात्र सहनिर्माता हॅरिसच असल्याने कात्री लावायची कोणी, हा प्रश्न सुटत नाही. तबकडीची मर्यादाही आता उरलेली नाही.

डिकिन्सनच्या गळ्याचा प्रश्न वेगळा. ‘द बुक ऑफ सोल्स’ ध्वनिमुद्रित झाल्यावर, २०१५ च्या सुरुवातीला त्याला जिभेचा कर्करोग असल्याचे जाहीर झाले आणि उपचार झाले. वरच्या स्वरांना आता ताण पडतो, आणि चाली अजूनही तिथेच चढवल्या जातात. जिथे तो खालच्या पट्टीत, सांगितल्यासारखा गातो, तिथे आवाज तरुणपणापेक्षा अर्थपूर्ण वाटतो.

त्याचा पुरावा ‘द बुक ऑफ सोल्स’च्या अखेरीस आहे. ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ ही अठरा मिनिटांची, बँडची सर्वांत लांब रचना एकट्या डिकिन्सनची. पियानोही त्यानेच वाजवला आहे. विषय आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजाचा. ऑक्टोबर १९३० मध्ये हे जहाज इंग्लंडहून कराचीला निघाले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती आणि जहाजासाठी तिथे प्रचंड हँगरही बांधलेले होते. पहिल्याच रात्री फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ते कोसळले आणि चोपन्नपैकी अठ्ठेचाळीस जण दगावले. इथे लांबी जाचत नाही, कारण प्रत्येक भागात काहीतरी घडते: उड्डाण, वादळ, धोक्याचा संदेश, आग. साचा हॅरिसचा नाही, हेही कारण आहेच.

तेव्हा अल्बम म्हणून तोलले, तर ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ आणि ‘पॉवरस्लेव्ह’ यांच्या तोडीला उत्तरार्धातला एकच अल्बम येतो, २००६ चा. सुटी गाणी तोलली, तर ‘पाशेनडेल’ आणि ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ कोणत्याही जुन्या गाण्याशेजारी मान वर करून उभी राहतात. खुद्द बँडने दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. २०२३ च्या ‘द फ्यूचर पास्ट’ दौऱ्यात ‘समव्हेअर इन टाइम’ आणि ‘सेनजुत्सु’ यांची गाणी एकत्र आली आणि ‘हेल ऑन अर्थ’ला शेवटच्या फेरीत ‘द ट्रूपर’च्या आधीची जागा मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये मॅकब्रेन दौऱ्यांतून निवृत्त झाला, सायमन डॉसन ड्रम्सवर बसला. २०२५ मध्ये पन्नाशीच्या निमित्ताने सुरू झालेल्या दौऱ्यात पहिल्या नऊ अल्बमांचीच गाणी ठेवली गेली. १९९२ नंतरचे त्यात काहीच नाही.