खालचा थर बघा

आंब्याची पेटी घेताना रत्नागिरीचा माणूस वरचा थर बघून पैसे मोजत नाही. पेंढा सारून खालची फळं चाचपतो. तरी साका, म्हणजे फळाच्या आतली खराबी, हाताला लागत नाहीच. वरून फळ पिवळंधमक, वासाला घमघमीत. सुरी फिरली की आतला गर पांढरा, भुसभुशीत.

दहीहंडीचा हिशेब मात्र आपण वरूनच करतो. किती थर लागले, बक्षीस केवढ्याचं! दुसऱ्या दिवशी पेपरात जखमींचा आकडा येतो, तोही एकच दिवस. मणक्याला मार बसलेलं पोर पुढे वर्षभर वर्गात कसं बसतं, हे कोण छापतं? तो साका. फायदा कुणाचा आणि इजा कुणाला, हे जोडीनं विचारा, एवढंच माझं म्हणणं.

मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली 18 वर्षांखालच्यांना मनाई केली, उंची 20 फुटांवर आणली. प्रकरण सुप्रीम कोर्टात जाऊन आलं आणि 2017 मध्ये वय 14 वर उतरलं, उंचीचं बंधनही गेलं. 2022 मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा दिला आणि गोविंदा दगावला तर घरच्यांना 10 लाख जाहीर केले. मदत द्यावीच हो. पण बक्षीस पथकाला, फलकावर फोटो पुढाऱ्याचा आणि प्लास्टर पोराला, ही कसली वाटणी? खेळूच नका असं मी म्हणत नाही. खाली कुणाचा तरी खांदा घट्ट आहे, हा भरवसा पोरांना मिळतो, तो खराच. पण तो चार थरांतही मिळतो.

हाच हिशेब तृतीयपंथी व्यक्तींच्या उपचारांना लावा. इथे इजाही त्याच देहाची आणि फायदाही. 2014 च्याच एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने 'नालसा' नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सांगितलं की लिंगओळख ज्याची त्याने ठरवावी, शस्त्रक्रियेची अट नको. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या कायद्याने समुपदेशन, हार्मोन उपचार, शस्त्रक्रिया यांची सोय करण्याचं काम सरकारवर टाकलं. उपचारांत धोका असतो. वय कोवळं असेल तर डॉक्टरांनी दहादा विचार करावा, मान्य. पण उपचार न मिळाल्याने होणारी इजा? तीही साक्यासारखी आतच असते, वरून दिसत नाही. आणि गंमत बघा, चिमुरड्याला सातव्या थरावर चढवताना टाळ्या पिटणाऱ्यांनाच इथे 'शरीराशी खेळ नको' आठवतं!

पुन्हा सांगतो, फायदा कुणाचा, इजा कुणाला, जोडीनं विचारा. घरातलं मूल स्वतःबद्दल काही वेगळं सांगू लागलं तर आधी ऐकून घ्या, शेजाऱ्यांचं नंतर बघू. आणि गोपाळकाल्याला तुमच्या वाडीचं पथक निघालं की सगळ्यात वर चढणाऱ्या पोराचं वय विचारा. 14 पूर्ण नसतील तर त्याला खाली उतरवा.