भाड्याची खोली



‘आधुनिक समाजात नीतिमूल्यांचे स्थान’ हा विषय कार्यकारिणीने आम्हाला दिला. विषय भारदस्त आहे. आरतीची वेळ होईपर्यंत तो संपायचा नाही. म्हणून आम्ही तो आपल्या बडोद्यातल्या भाड्याच्या खोलीपुरता आवरता घेतो.

सक्तीचे प्राथमिक शिक्षण सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केले आणि १९०६ मध्ये संस्थानभर नेले. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले तेही महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरवर्षी कोणी ना कोणी वक्ता हे सांगतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

पुढचे सहसा सांगत नाहीत. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास आले, तर राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी उतारशाळेत, पारशी नाव लावून, रोजच्या दीड रुपया भाड्याने ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला बजावून गेली. ओळखीच्या एका हिंदू गृहस्थाकडे विचारले. तुम्हाला ठेवून घेतले तर घरचे नोकर निघून जातील, असे उत्तर आले. एका ख्रिस्ती मित्राला पत्नीचा विचार घ्यायचा होता. मग मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

हे नोकरांचे उत्तर आमच्या मनातून जात नाही. नकार आपला, पण बोट दुसऱ्याकडे! महाराज शिष्यवृत्ती देऊ शकत होते, नोकरी देऊ शकत होते. खोली मात्र घरमालकाने द्यायची असते, आणि दांडिया बाजार, रावपुरा या भागांत तेव्हा आपल्याच आजे-पणज्यांची घरे होती. त्यांच्यापैकी कोणाचे दार उघडले असते का, हा प्रश्न आपल्या घरांत कधी निघालेला आम्ही तरी ऐकला नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना दोष देणे सोपे आहे. आता आमच्या घरचे ऐका. दोन वर्षांपूर्वी मुले परदेशी गेली, वरची खोली रिकामी झाली. मंडळाच्या फलकावर आम्ही चिठ्ठी लावली. विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलाचा फोन आला. मराठी स्वच्छ, बोलणे नम्र. भाडे ठरत आले तेव्हा आम्ही विचारले, “पूर्ण नाव काय रे बाळा?” त्याने सांगितले. आम्ही म्हणालो, “अरे, खोली कालच गेली की!” वर ‘शेजाऱ्यांना चालायचे नाही’ असे एकमेकांना समजावले. शेजाऱ्यांना आम्ही काही विचारलेच नव्हते.

चिठ्ठी फलकावर पुढे तीन आठवडे होती. तो मुलगा मंडळाच्या वाचनालयात येतो हे आम्हाला नंतर कळले. म्हणजे ती त्याने रोज पाहिली असणार. त्याने कोणाकडे तक्रार केली नाही. पुस्तके बदलून जात असे, एवढेच ग्रंथपाल म्हणाले.

या विषयावर बोलायचा आमचा अधिकार एवढाच. मात्र कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. फलकावर खोलीची चिठ्ठी लावायची असेल, तर भाडे, पाण्याची वेळ आणि स्वयंपाकाची सोय लिहावी. ‘अमुकांनाच’ असे लिहिलेली चिठ्ठी मंडळाने घेऊ नये. आणि आडनाव विचारायचेच असेल तर खोली ठरल्यावर, पावतीपुरते. आमच्या खोलीची नवी चिठ्ठी आज खिशात आणली आहे. चिटणीसांनी फलकाची किल्ली द्यावी.