अपघातानंतरचे भय



४ एप्रिल २०२५ रोजी आपल्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या मजूर स्त्रियांना शेतकामासाठी घेऊन जाणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला. ७ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. काही जण वाचले. गेलेल्यांसाठी आपण शोक करतो. परंतु अशा अपघातांतून जे वाचतात, त्यांच्या मनाचे पुढे काय होते, याचा विचार आपण करतो काय?

जखम भरते, प्लास्टर निघते. लोक म्हणतात, ‘जीव वाचला ना, आता कामाला लागा.’ पण रात्री तोच प्रसंग स्वप्नात येतो. हॉर्न वाजला की छाती धडधडते, गाडीत पाय ठेववत नाही. विद्यार्थी असेल तर एस. टी.च्या धास्तीने शाळाच सोडतो. घरचे त्याला भित्रा म्हणतात, नाही तर बाहेरची बाधा झाली असे समजतात. ही ना बाधा, ना भित्रेपणा. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातानंतरच्या या विकाराची आपल्या निदानग्रंथात स्वतंत्र नोंद केली.

पहिले काही आठवडे असे होणे स्वाभाविक आहे. बहुतेकांचे भय हळूहळू ओसरते. तोवर झोप, जेवण व रोजचा क्रम सांभाळावा. मूल बोलेल तेव्हा ऐकावे, पण खोदून विचारू नये. महिना उलटूनही त्रास टिकला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. जगणेच नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नये.

गाडी टाळली की क्षणभर बरे वाटते, पण भय आणखी मुरते. म्हणून तज्ज्ञ रुग्णाला धीराने त्या आठवणीला सामोरे जायला शिकवतात आणि पायरीपायरीने रस्त्यावर आणतात. आधी उभ्या गाडीत बसणे, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग सोबतीने कळमनुरीपर्यंत आणि शेवटी एकट्याने प्रवास. जबरदस्ती मात्र नको.

जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही सल्ला मिळतो.

पालकहो, हाड मोडलेल्या मुलाला आपण दोष देत नाही. त्याला आधार देऊन चालवतो. मन हादरलेल्या मुलालाही तसेच चालवा. भयापायी मुलीचा किंवा मुलाचा शाळेतून दाखला काढण्याची घाई करू नका. काही दिवस तिच्यासोबत, त्याच्यासोबत एस. टी.त बसा. शिक्षण वाचेल आणि मूलही सावरेल.