खाणीचा ताळेबंद ग्रामसभेत मांडा



दगडाविषयी बोलायला या परिषदेत जमायचे तर अहिल्यानगर जिल्हा त्याला साजेसाच आहे. नगरचा भुईकोट किल्ला काळ्या दगडाचा, शहा डोंगरावरची सलाबतखानाची कबर दगडाची, १९२६ साली पुरे झालेले प्रवरेवरचे भंडारदरा धरणही दगडी बांधणीचे. ज्यांचे नाव आता जिल्ह्याला लाभले त्या अहिल्यादेवी जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांनी देशभर घाट आणि बारवा बांधल्या, त्यासाठीही कुणीतरी डोंगर फोडलाच असेल. तेव्हा खाण म्हणजे पाप, असे मानणाऱ्यांची ही परिषद नव्हे. गावाला रस्ता हवा, शाळेला खोल्या हव्यात, तर खडी लागणारच. मला काळजी आहे ती खाणीवरचे पोकलेन निघून गेल्यानंतरची.

आज खाणीची तपासणी म्हणजे काय होते? तलाठी, मंडळ अधिकारी येतात, पंचनामा होतो. ईटीएस यंत्राने मोजणी होते, हल्ली ड्रोनही उडते. किती ब्रास निघाला, रॉयल्टी किती भरली, ‘महाखनिज’ या शासकीय संगणक प्रणालीवर नोंद किती, याचा मेळ घातला जातो. जास्तीचा दगड निघाला असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. हे सारे व्हायलाच हवे. चोरीच्या खडीची गय करा, असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु ही सगळी मोजदाद बाहेर गेलेल्या मालाची आहे. गावाच्या वाट्याला जो खड्डा येतो, त्याची मोजदाद कोणत्या रकान्यात होते?

कायद्यात त्याची जागा आहे, हे मुद्दाम सांगते. पूर्वी पाच हेक्टरांच्या आतल्या खाणी पर्यावरणीय मंजुरीतून सुटत. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपककुमार विरुद्ध हरियाणा सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राचे गौण खनिज नियम आले. ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने सांगितले, की खाणकाम संपल्यावर तिथे पुन्हा गवत उगवून जनावरांना चरता येईल अशी जमीन करून देणे ही पट्टेदाराची जबाबदारी राहील. दुष्काळात चाऱ्यासाठी छावण्यांची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्याला या आदेशाचे मोल कुणी समजावून सांगायला नको. आणखी एक गोष्ट सरपंचांनी लिहून घ्यावी. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे, मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो. तो अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे. अर्ज केला तर कोणालाही त्याची प्रत मिळू शकते. आपल्यापैकी किती ग्रामपंचायतींनी आजवर ती मागितली?

याच जिल्ह्यात, नगर तालुक्यात, हिवरे बाजार आहे. तिथे पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर पिके ठरवतात. खाणीचाही असाच ताळेबंद दर वर्षी ग्रामसभेत मांडला जावा, ही माझी या परिषदेकडे मागणी आहे.

त्यात काय असावे? पहिली नोंद मातीची. आपल्या माळावर माती आधीच वीतभर. खाण उघडताना ती खरवडून वेगळी रचून ठेवली, तर शेवटी गवत लावायला हाताशी राहते. डबराखाली गाडली, तर पुढे कितीही पैसा ओतला तरी परत मिळत नाही. म्हणून मातीचा ढीग पहिल्याच वर्षी डोळ्यांनी पाहायला हवा. दुसरी नोंद कड्याची. विशेष परवानगी नसेल तर कठीण खडकात पायरी ६ मीटरपेक्षा उंच नको, असा खाणसुरक्षेचा नियम आहे. पायऱ्या ठेवत खाली गेलेली खाण उद्या उताराची करता येते. सरळ तासलेला कडा मात्र कायमचा धोका होऊन बसतो. पावसाळ्यात अशा खड्ड्यांत पोहायला गेलेली पोरे बुडतात, गुरे पडतात. कुंपण कागदावर असते आणि जागेवर तारही नसते. तिसरी नोंद आसपासच्या विहिरींची. आपल्या बसाल्टमध्ये पाणी थराथरांच्या सांध्यांतून आणि भेगांतून वाहते. खाणीने तो थर कापला तर शेजारच्या विहिरीचे पाणी खड्ड्यात उतरू शकते. सुरुंग लावण्यापूर्वीची पाण्याची पातळी लिहिलेली नसेल, तर शेतकरी पुढे काय सिद्ध करणार?

जुन्या खाणींचे तळे करावे, अशी सूचना नेहमी येते. हिशेब मोहक आहे: एक हेक्टरचा ६ मीटर खोल खड्डा पूर्ण भरला, तर त्यात ६ कोटी लिटर पाणी मावते. पण पर्जन्यछायेतल्या आपल्या तालुक्यांत तो भरण्याइतके पाणलोट क्षेत्र वर आहे का, तळ पाणी धरतो का, उतरायला सुरक्षित वाट आहे का, हे भूजल यंत्रणेने तपासल्याशिवाय खड्ड्याला तलाव म्हणण्याची घाई करू नये. जिथे तळे जमत नाही तिथे धरणातला गाळ आणून मारवेल, पवन्या यांसारखे गवत लावता येईल, कडेने करंज, बोर, हिवर अशी झाडे. त्यासाठी सल्ला द्यायला राहुरीचे कृषी विद्यापीठ आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या काळविटांनी गवताळ माळाची किंमत आपल्याला केव्हाच दाखवून दिली आहे.

आणि माणसे. ज्यांच्या फुप्फुसात दगडाची धूळ गेली, त्यांची सिलिकोसिसची तपासणी या ताळेबंदात यायलाच हवी. पुण्याच्या परिसरात ‘संतुलन’ संस्थेने खाणमजुरांच्या मुलांसाठी पाषाणशाळा चालवल्या. आपल्या क्रशरवरची मुले कोणत्या शाळेत जातात, हेही तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारावे.

पट्टेदार मित्रांनो, यात तुमचाही फायदा आहे. खाण चालू असताना तुमची यंत्रे जागेवर असतात, तेव्हा दर वर्षी जमिनीची थोडी दुरुस्ती करणे शेवटी एकदम करण्यापेक्षा स्वस्त पडते.

दोन दिवसांच्या चर्चेत मतभेद होतील, ते मोकळेपणाने मांडा. मात्र समारोपाच्या सत्रात एक ठराव जरूर करा: नवीन खाणपट्ट्याची शिफारस करण्यापूर्वी खाणीनंतर जमीन पूर्ववत करण्याचा आराखडा मराठीतून ग्रामसभेत वाचला जावा, आणि दर वर्षीच्या तपासणीत त्या आराखड्याचे किती काम झाले हे जागेवर मोजून गावाला लेखी कळवावे. हा ठराव जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देण्याची जबाबदारी आमची स्वागत समिती घेत आहे. आपण तो एकमताने करावा, एवढी विनंती करते.