टेबलाखालची आगगाडी

आगगाडीचें वेड नाहीं असें मूल विरळा. काड्यापेट्यांचे डबे एकामागें एक लावून तोंडानें शिटी वाजविणारा मुलगा आपणांपैकीं बहुतेकांच्या घरांत होऊन गेला आहे. वय वाढलें म्हणजे हें वेड ओसरतें, व तें ओसरलेंच पाहिजे, अशी आम्हां शिक्षकांची समजूत असते. मीहि नोकरी संपेपर्यंत हीच समजूत बाळगून होतों. ती समजूत डळमळीत करणाऱ्या एका मंडळाची हकीकत आज सांगणार आहें.

अमेरिकेंत बोस्टन शहरासमोर, चार्ल्स नदीच्या पलीकडे, केंब्रिज नांवाचें गांव आहे. तेथील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेंत १९४६ सालीं कांहीं विद्यार्थ्यांनीं ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’, म्हणजे छोट्या आगगाड्यांचें मंडळ, स्थापन केलें. त्यास जागा मिळाली ती वीस नंबरच्या इमारतींत. ही इमारत १९४३ सालीं, युद्धाच्या धांदलींत, रडारच्या संशोधनासाठीं लांकडाची उभारलेली. युद्ध संपतांच ती पाडावयाची होती; पण उभी राहिली ती १९९८ पर्यंत! तिची मातब्बरी कोणास नसल्यामुळें तींत भिंतीला भोंक पाडून तार ओढली तरी कोणी हटकीत नसे.

मंडळाच्या खोलींत एक भलें मोठें मेज होतें. त्यावर डोंगर, गांवें, रूळ, सांधे आणि सिग्नल. सर्व कांहीं खऱ्याच्या सुमारें सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढें. दोन रुळांमधील अंतर अवघें साडेसोळा मिलिमीटर. सभासदांचे आपोआप दोन तट पडले होते. एक तट मेजाच्या वरचा. त्याला डब्यांचे रंग आणि डोंगरांची शोभा प्रिय. दुसरा तट मेजाखालचा. हा ‘सिग्नल व वीज’ उपसमितीचा तट. गाडी कशी दिसते याची त्यास पर्वा नव्हती. ती कशी चालते, एवढेंच त्यास पाहावयाचें होतें.

मेजाखालीं तारांचें अरण्य माजलें होतें. टेलिफोनच्या कामांतील रिले व तबकड्या आणून या मुलांनीं अशी योजना केली होती कीं, अनेक माणसांनीं एकाच मार्गावर आपापल्या गाड्या चालवाव्या. रिले म्हणजे काय? लोखंडाभोंवतीं तार गुंडाळलेली असते. वीज सोडली कीं त्याचा लोहचुंबक होतो, एक पट्टी ओढली जाते, व दुसरा मार्ग जोडला किंवा तोडला जातो. आतां, पुढील रूळ मोकळा असेल आणि सांधा या बाजूस असेल, तरच गाडीस वीज मिळावी, अशी जोडणी करणें म्हणजे तर्कशास्त्रच तारांत गुंफणें होय. अशा जोडण्यांना बीजगणिताचे नियम लागूं पडतात, हें क्लॉड शॅनन यांनीं त्याच संस्थेंत १९३७ सालीं आपल्या प्रबंधांत दाखविलें होतें.

या मंडळाची एक रीत मला फार आवडली. नव्या सभासदानें मेजावर चाळीस तास काम केलें कीं, त्यास खोलीची किल्ली मिळे. मग त्यानें मध्यरात्रीं यावें, वाटेल तेव्हां जावें. परीक्षा नाहीं, शिफारस नाहीं. केवळ काम, आणि त्यानंतर विश्वास.

पुढें १९५८ सालीं टीएक्स-०, म्हणजे टीएक्स-शून्य, नांवाचें ट्रान्झिस्टरचें गणकयंत्र संस्थेंत आलें. तेथील मोठ्या गणकयंत्रास विद्यार्थ्यानें हात लावावयाचा नसे. भोंकें पाडलेलीं कार्डें चालकाच्या हवालीं करून उत्तराची वाट पाहावयाची. टीएक्स-० पुढें मात्र स्वतः बसतां येई. मंडळाचे जुने सभासद जॅक डेनिस यांनीं मेजाखालच्या तटाची त्याशीं ओळख करून दिली. रात्रीच्या वेळीं यंत्र मोकळें असे, आणि रात्रीं जागण्याची या मुलांना संवयच होती. १९६१ सालीं पीडीपी-१ हें दुसरें यंत्र आलें, व १९६२ सालीं स्टीव्ह रसेल यांनीं मित्रांच्या साहाय्यानें त्यावर ‘स्पेसवॉर’ हा अंतराळयुद्धाचा खेळ रचला. तो खेळण्याच्या पेट्या ॲलन कोटॉक व बॉब सॉन्डर्स यांनीं आगगाडीच्या सामानांतूनच जुळविल्या. हेच कोटॉक पुढें मोठ्या गणकयंत्रांचे रचनाकार म्हणून नांवाजले. वर्तमानपत्रांत आज चोरीच्या अर्थानें येणारा ‘हॅक’ हा शब्द या मंडळाच्या १९५९ च्या शब्दसंग्रहांत आढळतो. तेथें चोरीचा वासहि त्यास नव्हता. खटपट करण्याच्या आनंदासाठींच केलेली खटपट, असा कांहींसा त्याचा भाव होता.

या नादानें कांहींचा अभ्यास बुडाला, हेंहि सांगितलें पाहिजे. खेळणारा प्रत्येक मुलगा शोधक होतो, असें माझें म्हणणें नाहीं.

पण एक गोष्ट मनांतून जात नाहीं. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्यानें कंपासपेटींत एक खिळा, त्याभोंवतीं तांब्याची तार, पत्र्याची एक पट्टी आणि विजेरीचा सेल बसविला होता. भूमितीच्या तासाला बांकाखालून टक् टक् आवाज येई. मीं ती पेटी काढून घेतली व कपाटांत टाकली. वर्ष संपल्यावर ती मागावयास तो आला नाहीं. मींहि त्यास बोलाविलें नाहीं. निवृत्तीच्या दिवशीं कपाट आवरतांना ती सांपडली. खिळा गंजला होता. त्या वेळीं मला तें एक मोडकें खेळणें वाटलें. पुढें या मंडळाची हकीकत वाचतांना ध्यानांत आलें कीं, कोणी न शिकवितां त्या मुलानें रिले बनविला होता! तें काय आहे, हें त्यास विचारण्याचेंहि मला सुचलें नव्हतें.

श्रोतेहो, आपल्या घरीं असा कोणी टक् टक् करीत असेल, तर त्यास एक मेज द्या. शिस्त हवी असेल तर चाळीस तासांची अट घाला. ती मला मान्य आहे. परंतु तास भरल्यावर किल्ली द्यावयास विसरूं नका, आणि पेटी काढून घेण्यापूर्वीं ती एकदां त्याच्याकडून उघडून, समजावून घ्या.