घरातील सामाईक कपाट आणि परवलीचा शब्द



आपल्या सदलग्याच्या परिसरात घरातील कागदांना मोठा मान असतो. हा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. पुढे तो म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्यामुळे कित्येक घरांत एकाच ट्रंकेत मोडीतील जुने खरेदीखत, मराठीतील वाटणीपत्र आणि कन्नडमधील शेताचा उतारा गुण्यागोविंदाने नांदत असतात. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत या भागातील नद्यांना महापूर आले. कागदाचे आयुष्य किती बेभरवशाचे असते, हे अशा वेळी कळते. म्हणून या कागदांच्या प्रतिमा काढून त्या घरच्या नेटवर्क ड्राइव्हवर ठेवणे हा शहाणपणाचा उपाय होय.

नेटवर्क ड्राइव्ह म्हणजे राउटरला तारेने जोडलेली एक लहानशी पेटी. तिला घरातील सामाईक कपाट म्हणावे. घरातील प्रत्येक संगणकाला आणि मोबाईलला ते उघडता येते. त्यातील काही फोल्डर सर्वांना खुले असतात. काहींना पासवर्डचे, म्हणजे परवलीच्या शब्दाचे कुलूप असते. लग्नाची छायाचित्रे सर्वांनी पाहावीत; पण बँकेचा हिशेब किंवा शिक्षकाच्या घरातील परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सर्वांनी पाहू नयेत, हे उघड आहे. ही गरज नवी नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एकच संगणक अनेक जण वापरू लागले, तेव्हा प्रत्येकाचे लिखाण वेगळे राहावे म्हणून फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मंडळींनी परवलीचे शब्द योजले. आणि १९६२ सालीच तेथील एका संशोधकाने सगळ्यांच्या परवलींची यादी यंत्राकडून छापून घेतली! कुलूप आणि कुलपाचा घोळ ही जुळी भावंडे आहेत, ती अशी.

एखाद्या दिवशी हे कुलूप उघडत नाही. परवलीचा शब्द बरोबर असूनही यंत्र नकार देते आणि मनुष्य घाबरून जातो. कागद गेले की काय, अशी शंका येते. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कुलूप बहुधा बिघडलेले नसते. आपण कोणत्या वाटेने आलो आणि दारात कोणाचे नाव सांगितले, यात घोटाळा झालेला असतो. म्हणून दार ठोठावीत बसण्यापूर्वी नकार कोठून येतो आहे, ते ओळखावे. यंत्राचा संदेश नीट वाचला तर तेच ते सांगते.

संदेश तीन तऱ्हांचे असतात. पहिला, ‘वाट सापडत नाही’ असा. येथे परवलीचा संबंधच नाही. ड्राइव्हचा दिवा लागला आहे का, तार राउटरमध्ये घट्ट बसली आहे का, हे पाहावे. संगणक पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या वायफायला जोडला गेला असेल, तर त्याला घरातील पेटी बहुधा दिसणारच नाही. वीज जाऊन आली म्हणजे राउटर कधी कधी ड्राइव्हला नवा अंकी पत्ता देतो, आणि आपण जुन्याच पत्त्यावर हाका मारीत राहतो. राउटरच्या मांडणीत जाऊन ड्राइव्हसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला, की हा त्रास संपतो. शेजारच्या मोबाईलवर फोल्डर उघडत असेल, तर पेटी निर्दोष आहे आणि दोष आपल्या संगणकाकडे आहे, असे समजावे.

दुसरा संदेश, ‘नाव किंवा परवलीचा शब्द चुकला’ असा. येथे पुष्कळांची एक समजूत आड येते. संगणक सुरू करताना आपण जो चार आकडी पिन घालतो, तो फक्त त्या संगणकापुरता असतो. ड्राइव्हला त्याची ओळख नसते. ड्राइव्हजवळ माणसांची स्वतःची यादी असते, आणि तिच्यातील नाव व परवलीचा शब्दच तेथे चालतो. नाव लिहिताना आधी ड्राइव्हचे नाव, मग उलटी तिरकी रेघ आणि मग आपले नाव असे लिहावे. म्हणजे संगणक स्वतःचेच नाव पुढे करीत नाही. आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण संभवते. एकाच संगणकावर इंग्रजी, मराठी आणि कन्नड असे तीन कळफलक असतात. परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर ठिपकेच दिसतात. त्यामुळे इंग्रजी शब्द देवनागरीत किंवा कन्नडमध्ये उमटतो आहे, हे लक्षातच येत नाही. तो शब्द एकदा कोऱ्या पानावर उघड लिहून पाहावा आणि मग पुसून टाकावा.

तिसरा संदेश, ‘परवानगी नाही’ असा. येथे आपली ओळख पटलेली असते; पण त्या फोल्डरवर आपला हक्क लिहिलेला नसतो. ज्याच्याकडे ड्राइव्हची व्यवस्था आहे, त्याने तो हक्क द्यावयाचा असतो. तोही दोन प्रकारचा, केवळ वाचण्याचा आणि लिहिण्याचा. कागद उघडतो पण साठविता येत नाही, अशी तक्रार असेल, तर वाचण्याचाच हक्क मिळाला आहे, असे समजावे.

या तिन्हींत न बसणारा एक चौथा प्रकार आहे, आणि मनुष्य चक्रावतो तो त्यातच. खुले फोल्डर सहज उघडतात, पण बंद फोल्डर काही केल्या उघडत नाही. याचे कारण विंडोजच्या एका नियमात आहे. विंडोज एका यजमानाकडे एका वेळी एकाच नावाने जाते. सकाळी आपण खुला फोल्डर उघडला, तेव्हा ड्राइव्हने आपल्याला पाहुणा म्हणून आत घेतले. आता दुपारी आपण घरधनी म्हणून बंद खोलीची किल्ली पुढे करतो. तर संगणक म्हणतो, ‘तुम्ही तर पाहुणे म्हणून आत आहात, दोन नावे एकदम चालणार नाहीत.’ परवलीचा शब्द शंभर वेळा लिहिला तरी येथे उपयोग नाही. नियंत्रण कक्षातील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ या ठिकाणी संगणकाने जुनी नावे व परवली जपून ठेवलेल्या असतात. त्यांतील या ड्राइव्हची नोंद काढून टाकावी. ‘नेट यूज’ या आज्ञेने चालू जोडण्या दिसतात, त्या तोडाव्यात. संगणक पुन्हा सुरू करावा आणि प्रथम बंद फोल्डरच योग्य नावाने उघडावा. मग त्या नावाला हक्क असलेले सारे फोल्डर, खुले आणि बंद, बिनतक्रार उघडतात.

कधी कधी ड्राइव्ह जुना असतो आणि संगणक नवा. या दोघांत चालणाऱ्या बोलीला एसएमबी असे नाव आहे. ती १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये जन्माला आली. तिच्या पहिल्या आवृत्तीतील एका छिद्रातून मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा उपद्रवी प्रोग्राम दीडशेच्या वर देशांत पसरला. ब्रिटनमधील रुग्णालयांचेही काम त्याने अडविले. त्याच वर्षापासून नव्या विंडोजमध्ये ती जुनी बोली आपोआप बसविली जाणे बंद झाले. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीने तर अनेक संगणकांवर परवलीविना पाहुणा म्हणून शिरण्यासही मज्जाव केला. अशा वेळी जुनी बोली पुन्हा सुरू करा, असा सल्ला देणारे भेटतात. तो मानू नये. ड्राइव्हच्या कंपनीने नवी सुधारणा दिली असेल, तर ती बसवून घ्यावी. नसेल, तर पेटीतील कागद दुसरीकडे उतरवून घेऊन तिला निवृत्त करावे.

हाच सल्ला दुसऱ्या रूपानेही येतो: ‘कटकट कशाला? सगळे फोल्डर खुलेच करून टाका.’ किल्ली सापडत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे हे आहे. घरात कुलूप असणे म्हणजे एकमेकांवर अविश्वास असणे नव्हे. शिकवणीला आलेल्या मुलाच्या किंवा पाहुण्याच्या मोबाईलमधून आपले वाटणीपत्र बाहेर जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

परवलीचा शब्द खरोखरच विसरला असेल, तर तो ड्राइव्हमधून परत वाचता येत नाही. मात्र व्यवस्थापकाला नवा शब्द देता येतो. व्यवस्थापकाचाच शब्द हरवला, तर पेटीच्या मागील बारीक छिद्रात टाचणी दाबण्याची सोय बहुधा असते. पण ती किती वेळ दाबावी आणि तिने काय काय पुसले जाते, हे कंपनीगणिक वेगळे असते. पुस्तिका वाचल्याशिवाय टाचणी हाती घेऊ नये. आणि फोल्डर गुप्तलिपीत बंद केलेला असेल, तर मूळ किल्लीशिवाय तो कोणालाही उघडता येणार नाही, हे पक्के समजावे.

म्हणून दोन गोष्टी आजच कराव्यात. सर्व कागदांची एक प्रत निराळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या घरी, उंचावर ठेवावी. कारण पेटीलाही पाणी लागते आणि तीही बिघडते. आणि ड्राइव्हचे नाव, आपले नाव व परवलीचा शब्द एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून, तो घरातील विश्वासाच्या माणसाला दाखवून, माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवावा. घरातील एकच मनुष्य सारे जाणतो आणि तोच परगावी असतो किंवा अंथरुणाला खिळतो, तेव्हा बाकीच्यांना स्वतःच्याच कागदांसमोर हात जोडून उभे राहावे लागते. कुलूप परक्यांसाठी असते. ते घरच्यांवर पडू नये, याची काळजी ते लावणाऱ्यानेच घ्यावयाची असते.