बिनतारी घरातील तारा



नवे घर बांधावयास घेतलेल्या गृहस्थाच्या डोक्यात पाया, पाणी, सिमेंटचा भाव आणि बँकेचा हप्ता यांचीच गर्दी असते. घरात इंटरनेट कोठून कसे फिरावयाचे, हा विचार बहुधा रंगकाम आटोपल्यावर सुचतो. आणि तोवर फार उशीर झालेला असतो. वायफाय हे बिनतारी म्हणून ओळखले जात असले, तरी ते घरभर नीट पोहोचावे याची सिद्धता भिंतींच्या पोटात करावी लागते, आणि गिलावा झाला की ते पोट मिटते.

बेळगाव-खानापूरच्या बाजूस, किंवा गोव्यात डिचोली-सत्तरीकडे, चालू असलेले एखादे बांधकाम डोळ्यांपुढे आणावे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, त्यांवर सिमेंट-सळयांचा स्लॅब, मधे जिना आणि वर दोन खोल्या. खाली पुढे बैठकीची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि अगदी मागे, विहिरीच्या अंगाला, घरातल्या म्हातारीची खोली. तिला आता फारसे उठवत नाही. धाकटा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. जहाज बंदराला लागले की त्याचा फोन येतो, आणि हल्ली त्या फोनात त्याचा चेहराही दिसतो. थोरल्या मुलाने वायरमनला या मागच्या खोलीपर्यंत एक निराळी नळी टाकावयास सांगितले, म्हणजे वायरमन हसून म्हणतो, “अण्णा, आता सगळं बिनतारी झालंय. पुढं दाराशी एक पेटी लावली की झालं. तार कशाला पुरताय?” हा संवाद कल्पिलेला खरा, पण थोड्याफार फरकाने तो आज कितीतरी बांधकामांवर ऐकू येईल.

वायरमनचे म्हणणे अगदीच निराधार नव्हे. रेडिओ स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवा की माजघराच्या कोनाड्यात, आवाज येतोच. मग वायफायलाच भिंतीची अडचण का व्हावी? उत्तर लहरींच्या लांबीत आणि प्रक्षेपणाच्या शक्तीत आहे. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात एकेका लहरीची लांबी शेकडो मीटर असते, आणि प्रक्षेपकाची शक्ती किलोवॅटांत मोजतात. घरातल्या वायफायच्या पेटीची शक्ती वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तिच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती जेमतेम ५ ते ६ सेंटिमीटर. शेकडो मीटरांच्या लहरीला घर म्हणजे वाटेतला खडाही नव्हे. बोटभर लहरीला तीच भिंत डोंगर होते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात विद्युत्-लहरींच्या साहाय्याने भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली होती, हे पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु घंटा वाजविण्यास एक ठोका पुरतो. जहाजावरच्या मुलाचा हलता चेहरा दिसावयाचा, तर दर सेकंदाला लाखो ठोके बिनचूक पोहोचावे लागतात. त्यांतले थोडे गळाले की चित्र गोठते आणि शब्द अर्धवट तुटतो.

भिंती सगळ्याच सारख्या नसतात. लाकडी दार, प्लायवुडचा आडोसा, साधी काच यांतून या लहरी सहज जातात. विटांची भिंत थोडा कर घेते. चिऱ्यांची भिंत बरीच जाड असते, आणि चिरा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी पितो. ओल्या भिंतीत लहरी कोरड्या भिंतीपेक्षा अधिक शोषल्या जातात, म्हणून मे महिन्यात ठाकठीक चाललेले वायफाय जुलैत कुरकुरू लागले, तर त्याचे नवल वाटावयास नको. स्लॅबमध्ये तर सळयांची जाळीच असते. शिवाय लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रीज, पाण्याची टाकी या वस्तू भिंत नसतानाही भिंतीचे काम करतात. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असत. त्यांतून उजेडाबरोबर या लहरीही विनातक्रार गेल्या असत्या. आजच्या धातूचा लेप दिलेल्या चकचकीत काचा मात्र त्यांना परत पाठवितात.

येथे थोडे गणित करावे लागते, आणि ते सोपे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती चौथाई होते. समजा, एका भिंतीने आलेल्या शक्तीचे दहापैकी नऊ हिस्से खाल्ले, तर एक दशांश उरला. तशीच दुसरी भिंत आली की शतांश उरला, आणि तिसरीपलीकडे सहस्रांश. भिंती बेरजेने नव्हे, गुणाकाराने अडवितात. दाराशी लावलेली पेटी म्हातारीच्या खोलीपर्यंत का पोहोचत नाही, ते या गुणाकारात दिसते.

मग दाराशीच अधिक ताकदीची पेटी बसवावी, चार-सहा दांड्या असलेली, हा पुढचा विचार. दुकानदारही तोच सल्ला देतो. पण रेडिओ आणि वायफाय यांतला दुसरा मोठा भेद येथे आडवा येतो. रेडिओ फक्त बोलतो. वायफायच्या पेटीला बोलावे लागते तसे ऐकावेही लागते. वर्गात शिक्षकाने ध्वनिवर्धक घेतला तर त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाईल. म्हणून त्या बाकावरच्या मुलाचे हळू आवाजातले उत्तर शिक्षकाला ऐकू येईल असे नाही. मोबाइल हा तो मुलगा. त्याची शक्ती लहान, बॅटरी लहान. पडद्यावर वायफायच्या साऱ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरीही संभाषण तुटते, याचे हे एक नेहमीचे कारण असते.

वर्गाचा दाखला आणखी एका बाबतीत उपयोगी पडतो. एका पेटीच्या एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे आणि बाकीच्यांनी थांबावयाचे, असा वायफायचा मूळ शिरस्ता आहे. दूरचे यंत्र दुबळ्या संकेतामुळे सावकाश बोलते, आणि त्याचे संपेपर्यंत जवळच्या चपळ यंत्रांनाही ताटकळावे लागते. म्हणजे मागच्या खोलीतला एक मंद फोन पुढच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीचाही वेग कमी करतो. मागच्या खोलीची सोय केल्याने पुढच्या खोलीचेही भले होते, हे घरात समजावून सांगावयास सोपे जाते.

तेव्हा पेट्या कोठे असाव्यात, हे घराच्या नकाशाच्या मध्यबिंदूवरून ठरवू नये. माणसे कोठे बसतात, कोठे निजतात, आणि त्यांतले सर्वांत कमी कोण हलू शकते, तेथून आरंभ करावा. तरुण मुलगा संकेत शोधीत गच्चीवर जाईल. आजारी किंवा वृद्ध माणूस जाणार नाही. त्याच्यापर्यंत पेटीनेच गेले पाहिजे. वर कल्पिलेल्या घरात म्हणून पहिली पेटी, जिला बाजारात ॲक्सेस पॉइंट म्हणतात, म्हातारीच्या खोलीच्या छताला लावणे योग्य. दुसरी वरच्या मजल्यावर, जिथून दोन्ही खोल्यांची दारे दिसतात अशा जिन्याच्या तोंडाशी. पुढच्या खोलीपुरती इंटरनेट कंपनीने दिलेली पेटीच बहुधा चालते. फक्त ती मीटरच्या खोक्यात किंवा दूरदर्शन-संचाच्या पाठीमागे कोंबू नये. छतासाठी बनविलेल्या थाळीसारख्या पेट्यांच्या लहरी मुख्यत्वे खाली आणि बाजूंस पसरतात; उभ्या दांडीच्या पेटीच्या लहरी दांडीच्या भोवताली पसरतात व दांडीच्या टोकाच्या दिशेने क्षीण असतात. छताची पेटी कपाटाच्या माथ्यावर आडवीतिडवी टाकणे म्हणजे दिव्याचे तोंड भिंतीकडे करणे.

पेट्या वाढविल्या म्हणजे सुख वाढते, असेही नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या साधारण तीनच: १, ६ आणि ११. तीन पेट्यांना या तीन वाटून द्याव्यात. शेजाऱ्याची पेटी आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात गोंगाट करतात, म्हणून जेथे जमेल तेथे ५ गिगाहर्ट्झ वापरावा. तो भिंतीपलीकडे दुबळा होतो, हा पेटी खोलीतच असली म्हणजे दोष न राहता गुण ठरतो. साऱ्या पेट्यांना एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द ठेवावा. एका पेटीवरून दुसरीवर केव्हा जावयाचे हे बहुतांशी मोबाइलच ठरवितो, आणि तो थोडा हट्टी असतो. पुढच्या खोलीच्या पेटीची शक्ती बेताची ठेवली, तर तो मागे आल्यावर तिला सोडून जवळचीला धरतो. शक्ती कमी केल्याने सोय वाढावी, हे कानाला विचित्र वाटते खरे.

तारेवाचून हे सारे होणार नाही काय? होते, पण किंमत मोजून. मेश नावाच्या पेट्या एकमेकींशी बिनतारीच बोलतात. भाड्याच्या घरात, किंवा जुन्या घराच्या भिंतींना हात लावावयाचा नसेल तेथे, त्यांचा आधार घेण्यात काही वावगे नाही. परंतु एकाच पट्ट्यावर ऐकलेले पुन्हा बोलणाऱ्या पेटीचा निम्मा वेळ पुनरुच्चारात जातो आणि वेग सुमारे अर्धा होतो. ती ठेवावयाची जागाही पुष्कळ जण चुकतात. जेथे संकेत मुळीच येत नाही त्या खोलीत तिला ठेवणे म्हणजे अंधाऱ्या खोलीत आरसा टांगून उजेडाची वाट पाहणे होय. तिची जागा वाटेत, जेथे संकेत अजून सशक्त आहे तेथे. नव्या घरात मात्र ही तडजोड कशासाठी करावी? नळी स्वस्त असते आणि भिंत उघडी असते.

पेटी खरेदीचा प्रश्न त्यामानाने लहान. वायफायचा पहिला प्रमाणनियम १९९७ सालचा. तेव्हापासून पिढ्या बदलत आल्या आहेत व बदलत राहतील. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरगुती वापरासाठी २००५ साली परवानामुक्त झाला, आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झची मुभा अधिक विस्तृत करण्यात आली. पेटी काही वर्षांनी जुनी होईल, तेव्हा दोन स्क्रू काढून ती बदलता येईल. भिंतीतली तार मात्र बदलावयाची नसते, म्हणून काटकसर करावयाची तर पेटीत करावी. तारेत करू नये.

तार कॅट-६ जातीची, शुद्ध तांब्याची घ्यावी. तिच्यावरून १०० मीटरपर्यंत काम विश्वासाने चालते. घरात तेवढे अंतर येतच नाही. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारही त्याच नावाने विकली जाते. गुंडाळी हाताला हलकी लागते, आणि तार कानशीने घासली की आतून पांढरी निघते. ती परत करावी. चांगल्या तारेचा दुसरा उपयोग असा की छतावरच्या पेटीला वीजही तिच्यातूनच पुरविता येते. या पद्धतीचे प्रमाण २००३ साली ठरले. छताशी प्लग नको, लोंबती दोरी नको. पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाते, तेव्हा इंटरनेटची मूळ पेटी आणि वीज पुरविणारा स्विच या दोनच वस्तू इन्व्हर्टरवर घेतल्या की म्हातारीच्या छतावरची पेटीही चालू राहते. आवारात वेगळी खोली असेल, तर तेथवर तांब्याची तार न नेता काचतंतूची न्यावी. वीज कडाडली असता तांबे तिचा झटका एका इमारतीतून दुसरीत पोहोचविते.

उरते ते प्रत्यक्ष काम. ते सारे गिलाव्याच्या आधीच्या चार-आठ दिवसांतले आहे. प्रत्येक पेटीच्या जागेपासून इंटरनेट आत शिरते त्या जागेपर्यंत स्वतंत्र नळी टाकावी, २५ मिलिमीटरची. वळणे गोल असावीत, काटकोनी नसावीत. विजेच्या नळीशी तिने समांतर घसटून जाऊ नये. ओलांडावयाची तर काटकोनात ओलांडावी. छताची जागा स्लॅब ओतण्यापूर्वीच ठरविली तर उत्तम. एरवी भिंतीच्या माथ्याशी झिरी पाडून नळी न्यावी. अभ्यासाच्या टेबलापाशी आणि दूरदर्शन-संचापाशीही एकेक तार सोडावी. जी यंत्रे जागची हलत नाहीत ती तारेवर गेली म्हणजे हवेतली वाहिनी हलणाऱ्यांना मोकळी मिळते. तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधून कोणती तार कोठली ते लिहावे, आणि नळीत एक जादा दोरा ओवून ठेवावा, म्हणजे पुढेमागे दुसरी तार ओढता येईल. झिऱ्या बुजविण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून, छायाचित्र घ्यावे. पुढे कोणी तसबिरीसाठी खिळा ठोकील तेव्हा ते कामी येते. आणि गवंडी गिलाव्याला यावयाच्या आदल्या संध्याकाळी साऱ्या नळ्यांची तोंडे कागदाच्या बोळ्यांनी घट्ट बंद करावीत. थापीभर ओला माल आत गेला आणि सुकला, की ती नळी कायमची गेली.